कॅसेटमधल्या बाईची वाक्यं

माझे भावोजी शब्दाला महाग होते. दोन शब्दांत भागत असेल तिथे एक वापरायचे, आणि एकात भागत असेल तिथे नुसता हुंकार द्यायचे. ताईचं त्यांच्याशी लग्न ठरलं तेव्हा आईनं तिला विचारलं होतं, मुलगा कसा वाटला. ताई म्हणाली होती, दिसायला बरा आहे, आवाज अजून ऐकला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिची तक्रार साधारण तीच राहिली. मेव्हणी म्हणून थट्टा करायचा हक्क माझा होता आणि तो मी कधी सोडला नाही. पण थट्टेला उत्तर देणारं माणूस लागतं. भिंतीवर चेंडू मारला तर तो निदान परत तरी येतो, भावोजींकडून तोही येत नसे.

त्यांचा धंदा खुर्च्यांना वेत विणण्याचा. खाली रस्त्याला लागून दुकान आणि आतल्या लाकडी जिन्यानं वर गेलं की दोन खोल्यांचं घर. लोक फाटक्या बैठकीच्या खुर्च्या आणून द्यायचे. भावोजी जुना वेत कापून काढायचे, चौकटीची भोकं सळईनं मोकळी करायचे, नवा वेत बादलीत भिजत घालायचे आणि दाराजवळच्या उजेडात बसून विणायला लागायचे. आधी उभा, मग आडवा, मग तिरपा. ओला वेत भोकातून ओढताना बारीक करकर व्हायची. तासन्‌तास त्या दुकानात दुसरा आवाज नसायचा, आणि मला वाटतं त्यांना ते तसंच आवडायचं.

मग त्या कॅसेट आल्या. एक म्हातारं गिऱ्हाईक घर आवरून मुलाकडे राहायला निघालं होतं. जाताना त्यानं नको असलेल्या चार वस्तू भावोजींच्या दुकानात ठेवल्या. त्यात एक छोटा टेपरेकॉर्डर होता, कानाला लावायचे हेडफोन होते आणि एका दूरच्या देशाची भाषा घरबसल्या शिकायचा कॅसेटचा संच होता, सोबत वाक्यांचे अर्थ दिलेली पुस्तिका. खोक्यावर भाग पहिला असं छापलं होतं, दुसरा भाग कुणी कधी पाहिला नाही. त्या देशात आमचं कुणी नव्हतं. भावोजींना तिथे जायचंही नव्हतं, ते शेजारच्या गावाला जायचं म्हटलं तरी तोंड वाकडं करायचे. पण त्यांनी ते हेडफोन कानाला लावले आणि त्या दिवसापासून हा माणूस बोलायला लागला.

त्या अभ्यासक्रमाची रीत सोपी होती. एक प्रवासी एका अनोळखी शहरात उतरतो. प्रत्येक धड्यात त्याला कुणीतरी भेटतं, तिकिटाच्या खिडकीतली बाई, हॉटेलातली बाई, फळं विकणारी बाई, पण आवाज सगळीकडे एकाच बाईचा. ती बोलते आणि कॅसेट गप्प होते. त्या रिकाम्या जागेत प्रवाशाचं वाक्य आपण म्हणायचं. भावोजी वेत ओढता ओढता ते म्हणायचे. मी ती वाक्यं इथे आपल्या भाषेत देतेय. ती भाषा मला तेव्हा येत नव्हती, जी काही कळली ती पुढे ताईमुळेच. "सुप्रभात, बाई. आपण कशा आहात? मला खिडकीजवळची खोली हवी आहे." आवाज मऊ, अदबीचा, वाक्याच्या शेवटी जरासा वर जाणारा. खुर्ची घेऊन दारात आलेलं गिऱ्हाईक आपल्या मागे कुणी उभं आहे का म्हणून वळून बघायचं.

ताईचा नुसता जळफळाट व्हायचा. माझ्याशी बोलायला यांचं तोंड दुखतं आणि त्या सटवीला रोज उठून कशा आहात म्हणून विचारतात, असं ती मला सांगायची. कानामागून आली आणि तिखट झाली, असं तिनं एकदा म्हटलं, तर मी म्हटलं, कानामागून कुठली, ही तर थेट कानात शिरलीय. तेवढं हसून घेतलं तरी तिला लागलेलं होतं. एकदा मीच धीर करून भावोजींना विचारलं, यातून तुम्हाला मिळतं तरी काय? त्यांनी बराच वेळ वेत चाचपला. मग त्यांच्या मानानं लांबलचक उत्तर दिलं, "त्या भाषेत मी नवा आहे." एवढं बोलून त्यांनी हेडफोन परत लावले.

वर्षानुवर्षं त्यांनी त्याच कॅसेटची पारायणं केली. टेपरेकॉर्डर बिघडला तर दुरुस्त करून आणला, पण सवय मोडली नाही. घरात प्रवासी कधीचाच येऊन राहिला होता, आम्हीच त्याच्याकडे लक्ष देत नव्हतो.

एका सकाळी ताई काहीतरी विचारायला खाली गेली तर भावोजी जमिनीवर आडवे. अर्धी विणलेली खुर्ची अंगावर कलंडलेली, बादली उपडी झालेली. हेडफोन कानावरून घसरून फरशीवर पडले होते आणि त्यातून बारीक आवाज येत होता. बाईनं काहीतरी विचारलं होतं आणि ती उत्तरासाठी थांबली होती. ताई म्हणते, त्या एवढ्याशा शांततेइतकी भीती तिला नंतर दवाखान्यातही वाटली नाही.

मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. जीव वाचला. उजवा हात आणि पाय लुळे पडले, त्यातला पाय हळूहळू काठीच्या आधारानं चालायला लागला. वाचा मात्र गेली. समोरच्याचं बोलणं त्यांना बहुतेक कळायचं. उत्तर द्यायला तोंड उघडायचे आणि नुसता घशातला आवाज यायचा. बोलता येत होतं तेव्हा न बोललेला माणूस आता एका शब्दासाठी जिवाचं रान करत होता. पाणी म्हणायला जायचे, चेहरा लाल व्हायचा, कपाळावर घाम यायचा, आणि शेवटी हाताशी असेल ते फेकून द्यायचे. एकदा त्यांनी पेला फेकला आणि मग स्वतःच रडायला लागले. मी भावोजींना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं, आणि गेलेही.

दवाखान्यातून एक तरुण स्पीच थेरपिस्ट घरी यायला लागली. तिला आम्ही मॅडम म्हणायचो. ती चित्रांचे पत्ते समोर धरायची, कप, किल्ली, खुर्ची. भावोजी चित्राकडे बघायचे, मग मॅडमकडे, मग खिडकीबाहेर. आयुष्यभर ज्या वस्तूवर पोट भरलं तिचं नाव त्यांना येत नव्हतं.

मग एक दिवस सकाळीच ताई धापा टाकत माझ्या दारात आली. पायात चपला दोन वेगवेगळ्या. तिनं नेहमीसारखं त्यांच्या उशाशी पाणी ठेवलं होतं, आणि भावोजी स्पष्ट, न अडखळता म्हणाले होते, "धन्यवाद, बाई. आपण फार कृपाळू आहात." त्या भाषेत. मी विचारलं, कुणाशी बोलले? ती म्हणाली, त्या कॅसेटमधल्या बाईशी, पण माझ्याकडे बघून.

मॅडमला आश्चर्य वाटलं, पण तिनं घाबरवलं नाही. असं क्वचित होतं, ती म्हणाली, एक भाषा अडकून बसते आणि मागाहून शिकलेली आधी सुटते. का ते आम्हालाही नीट सांगता येत नाही. ही चांगली खूण आहे. पण घरात मात्र सगळ्यांनी आपल्याच भाषेत बोला, आणि त्यांनाही आपल्याच भाषेत बोलतं करा. ती दुसरी भाषा म्हणजे कुबडी आहे, तिची सवय लागली की पाय चालायचा कंटाळा करतो. ताईनं मान डोलावली. ताई मान डोलावते तेव्हा ती काय करणार आहे हे फक्त मला कळतं.

तिनं खोक्यातल्या कॅसेट काढल्या आणि स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून हेडफोन लावले. ज्या बाईशी उभा दावा होता तिच्याच पायाशी जाऊन बसली म्हणा ना. आधी तिला एक शब्द धड उच्चारता येईना. कांदा चिरताना पुटपुटायची, भांडी घासताना पुटपुटायची, मी काही विचारलं तर एक बोट वर करून मला थांबवायची. मी म्हटलं, आता घरात दोन प्रवासी झाले, भाडं लावा. ती हसली नाही. म्हणाली, मी प्रवाशाचं शिकत नाहीये, प्रवाशाचं त्यांना सगळं येतं. मी बाईचं शिकतेय.

आणि खरंच तिनं तेवढंच शिकून घेतलं. खोली कशी मागायची, वाट कशी विचारायची, हे तिला शेवटपर्यंत आलं नाही. तिला यायचं ते स्वागत करणं, पत्ता सांगणं, फळं तोलून देणं, खोलीची किल्ली हातात ठेवणं. त्यामुळे दोघांना बोलायचं तर एखाद्या धड्यात शिरूनच बोलता यायचं.

त्यानंतरचे महिने मला अजून एखाद्या लांबलेल्या दुपारच्या झोपेसारखे आठवतात. सकाळी ते घर हॉटेल असायचं. ताई दारावर टकटक करायची, स्वतःच्याच घराच्या दारावर, आणि म्हणायची, "सुप्रभात. झोप चांगली झाली का? आपण काय घ्याल?" भावोजी उशीला टेकून नीट बसायचे, डाव्या हातानं केस सारखे करायचे. "सुप्रभात, बाई. आपण कशा आहात? मला गरम चहा हवा आहे, आणि खिडकीजवळची जागा." ती चहा घेऊन यायची तेव्हा ते काठीवर रेलून उठून उभे राहायचे. बायको चहा आणतेय म्हणून उठून उभा राहणारा नवरा मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. अंघोळीचं पाणी काढलं की ती सांगायची, आपल्या खोलीत गरम पाण्याची सोय आहे. औषधाची वेळ झाली की ती डॉक्टर व्हायची आणि विचारायची, आपल्याला कुठे दुखतं? भाजी निवडायला बसली की ती बाजार व्हायची. भावोजी समोर बसून सफरचंदं मागायचे, आणि सफरचंदं नसली की ती त्यांच्या हातावर बटाटे ठेवायची, आणि ते म्हणायचे, फारच ताजी आहेत.

दुपारी दोघं मागच्या गॅलरीत जायची. तिथून खालच्या गोदामांची पत्र्याची छपरं दिसतात, दुसरं काही नाही. तो नदीचा धडा होता. "आज हवा सुंदर आहे," ताई म्हणायची, "आपण नदीकाठी फिरायला याल का?" ते म्हणायचे, "आनंदानं, बाई." मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वाळत घातलेल्या कपड्यांखालून, काठी टेकत टेकत दोघं चालायची. उन्हात छपरं हलल्यासारखी वाटायची. मी आत स्वयंपाकघरात उभी राहून बघायची आणि खोटं कशाला सांगू, कधी कधी मलाही त्या पत्र्यावर पाणी दिसायचं. ताई केस नीट बांधायला लागली होती. घरात नेसायच्या साड्या तिनं बदलल्या होत्या. एकदा मी जिना चढून वर आले तर भावोजींनी माझ्याकडे बघून मान लववली आणि विचारलं, आपण या शहरात नव्या आहात का? त्यांनी आपणहून मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मला वाक्य येत नव्हतं, मी नुसतीच हो म्हणून मान हलवली.

ताई प्रत्येक धडा पुन्हा पुन्हा लावायची, फक्त शेवटचा सोडून. शेवटच्या धड्यात प्रवासी गावाला परत जातो. तो आपल्याला लागतच नाही, असं ती म्हणायची.

इकडे मॅडमचे पत्ते जिथल्या तिथे होते. कप, किल्ली, खुर्ची. ती आली की ताई हेडफोन डब्यांमागे सरकवायची आणि भावोजींना मोठ्यानं विचारायची, हे काय आहे, सांगा बरं. भावोजी गोंधळून तिच्याकडे बघायचे. मॅडमनं दोनदा विचारलं, घरी ती भाषा बोलत नाही ना कुणी? ताईनं ताकास तूर लागू दिली नाही. मॅडम जाताना जिन्यात मला म्हणाली, सुरुवातीचे महिने सर्वांत मोलाचे असतात, यात जे सुटलं ते पुढे सुटायला कठीण. तिला माझ्याकडून काहीतरी ऐकायचं होतं. मी तिला छत्री विसरू नका म्हणाले.

पण वर जाऊन ताईशी भांडले. चांगली कडाकडा भांडले. म्हटलं, तू त्यांना बरं होऊ देत नाहीयेस. बाहुला-बाहुलीचा खेळ मांडलायस. उद्या तुला काही झालं तर हा माणूस कुणाकडे पाणी मागणार, आणि कोणत्या भाषेत? ताई भांडी पुसत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, हातातलं ताट मांडणीत लावलं आणि माझ्याकडे न बघता बोलली.

"ते बरे झाले की जुने परत येतील. आणि हा माणूस जाईल. तुला काय जातंय सांगायला? तुला कुणी रोज सकाळी विचारतं, कशी आहेस म्हणून. मला आत्ता कुठे विचारतंय कुणीतरी."

मला तिचा राग आला होता, तिची कीव आली होती, आणि थोडा हेवाही वाटला होता, कारण माझ्या घरी विचारतात ते सवयीनं विचारतात. पुढचे काही आठवडे मीही तिच्याबरोबर मॅडमशी खोटं बोलले.

मग भावोजी बेचैन राहायला लागले. नदीवर जायला नको म्हणायचे. जिन्याच्या तोंडाशी काठी धरून उभे राहायचे आणि खाली दुकानाच्या अंधाराकडे बघत राहायचे. खाली बादली कोरडी पडली होती, खुर्च्या एकमेकींवर रचून ठेवलेल्या होत्या. त्या दुपारी मी तिथेच होते. ताईनं फिरायला याल का म्हणून विचारलं आणि भावोजी जागचे हलले नाहीत. म्हणाले, "माफ करा, बाई. माझी बॅग हरवली आहे."

तो हरवलेल्या सामानाचा धडा होता, एव्हाना मलाही ओळखीचा झाला होता. ताईनं लगेच पुढचं वाक्य म्हटलं, "काळजी करू नका. आपली बॅग नक्की मिळेल." भावोजींनी मान हलवली. नाही. परत म्हणाले, माझी बॅग हरवली आहे. ताईनं परत तेच सांगितलं. त्यांनी डावा हात स्वतःच्या तोंडाकडे नेला, मग छातीकडे, आणि तिसऱ्यांदा तेच वाक्य म्हटलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ताई थांबली. धड्यात प्रवासी रडत नाही, त्यामुळे पुढे काय म्हणायचं ते तिच्याकडे नव्हतं.

मग भावोजी बोलायला लागले. सलग नाही. एक वाक्य एका धड्यातलं, दुसरं दुसऱ्याच धड्यातलं, मध्ये थांबत थांबत, घर आवरताना कुठून कुठून वस्तू गोळा कराव्यात तशी ती त्यांनी शोधून आणली. "आपलं शहर फार सुंदर आहे, बाई. आपण फार कृपाळू आहात." थांबले. "मी विवाहित आहे." परत थांबले. "माझी पत्नी घरी आहे. मला उशीर झाला आहे. घरी जाणारी गाडी कधी सुटते?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं ते होतं, बायको समोर उभी आणि माणूस तिच्याकडे जायची गाडी विचारतोय. एरवी मी त्यावर आठवडाभर थट्टा केली असती. पण त्या दुपारी मी नुसतं ताईकडे पाहिलं. आम्ही दोघींनी ते शहर आपलं मानलं होतं. नदी, हॉटेल, सफरचंदं, सगळं. आणि हा बिचारा इतके महिने तिथे एकटा राहत होता. तोंडात मोजकी वाक्यं, आणि त्यातलं एकही त्याचं स्वतःचं नाही. आम्हाला गोड वाटणारी ती अदब म्हणजे परक्या गावात अडकलेल्या माणसाची अदब होती.

ताईनं त्यांना खुर्चीवर बसवलं. थांबा, अशी हातानं खूण केली. डब्यांमागचे हेडफोन काढले, शेवटची कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि त्यांच्यासमोरच जमिनीवर बसून ऐकली. एकदा, मग परत एकदा. ओठ हलत होते. भावोजी गुडघ्यावर हात ठेवून स्टेशनवर बसल्यासारखे वाट बघत होते. मग ती उठली, दोन्ही खोल्यांमधल्या दारात जाऊन पलीकडे उभी राहिली आणि त्या बाईच्या आवाजात म्हणाली, "नमस्कार. गाडी उद्या सकाळी सुटते. आपल्याला तिकीट एकेरी हवं की परतीचं?"

"एकेरी," भावोजी म्हणाले.

तिनं तिकीट दिल्यासारखा रिकामा हात पुढे केला, त्यांनी तो हातात घेतला. शुभ प्रवास, असं ती म्हणाली. पुन्हा या, असं पुढचं वाक्य कॅसेटमध्ये आहे, मी नंतर ऐकलं. ते तिनं म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लवकर गेले. ताईनं दारावर टकटक केली नाही. सरळ आत जाऊन पडदा सरकवला आणि आपल्या भाषेत म्हणाली, "उठा. चहा झालाय." भावोजी त्या भाषेत सुप्रभात म्हणाले. तिनं उत्तर दिलं नाही. ते परत म्हणाले, आपण कशा आहात, बाई. ताईचा हात पडद्यावरच होता. "कप," ती म्हणाली आणि कप समोर धरला. "हा कप. म्हणा."

पुढचे दिवस वाईट गेले. गोड करून सांगण्यासारखं त्यात काही नाही. त्यांनी कप फोडले, ताईला ढकललं, दोन दोन दिवस तोंड उघडलं नाही. मॅडमला ताईनं स्वतः सगळं खरं सांगितलं. मॅडम रागावली नाही, तिनं नुसतं विचारलं, आता नक्की ना? टेपरेकॉर्डर आणि कॅसेट ताईनं माझ्याकडे आणून दिल्या, म्हणाली, मी मागायला आले तरी देऊ नकोस. ती एकदा मागायला आली. मी दिल्या नाहीत. दारातच बसून रडली आणि घरी गेली.

मग ताईनं भावोजींना जिन्यावरून खाली दुकानात उतरवायला सुरुवात केली. बादली भरली, वेत भिजत घातला. उजव्या हाताला काम जमत नव्हतं, तेव्हा भावोजी डाव्या हातानं वेत वरून भोकात घालायचे आणि ताई खुर्चीखाली बसून खालून ओढून दुसऱ्या भोकातून वर द्यायची. एक दिवस खुर्चीच्या वरून शब्द आला, ओढ. तिला वाटलं भास झाला. तो परत आला, जरा वैतागून. मग अगं आलं. मग नीट, मग नको, मग सोड. गोड शब्द एकही नाही, सगळे हुकूम. पहिलं पूर्ण वाक्य आलं तेव्हा ती मला सांगायला धावत आली, हसता हसता पदरानं डोळे पुसत होती. वाक्य होतं, "चहा गार झालाय."

आता भावोजींना बहुतेक सगळं बोलता येतं. बोलत मात्र नाहीत. पुन्हा शब्दाला महाग झालेत, आणि आता तर त्यांच्याकडे सबबही आहे. ती दुसरी भाषा पूर्ण गेली. परवा चहा देताना ताईच्या तोंडून चुकून निघून गेलं, आपण काय घ्याल, त्या भाषेत. भावोजींनी विणणं थांबवून तिच्याकडे बघितलं. "काय म्हणतेस?" त्यांनी विचारलं. खरंच कळलं नव्हतं. काही नाही, ती म्हणाली, आणि वर निघून आली.

मी वरच होते. गॅलरीत कपडे वाळत होते, खाली पत्र्यावर ऊन पडलं होतं. तिची मान खाली होती, म्हणून मी तिला विचारलंच, आठवण येते का गं त्याची? तू चहा आणलास की उठून उभा राहायचा तो.

"येते की," ती म्हणाली. "रोज येते."

मग थोडा वेळ तिनं दोरीवरची चादर सारखी केली.

"गाडी कधी सुटते विचारलं त्या दिवशी त्यांनी तुला ओळखलं नव्हतं ना?" मी विचारलं. हे मला केव्हापासून विचारायचं होतं.

"ओळखलं होतं. म्हणून तर घरची गाडी मला विचारली." ताई माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू. "अगं, असा सभ्य माणूस. सुंदर शहर, नदीकाठ, रोज झोप चांगली झाली का म्हणून विचारणारी बाई, सगळं असताना मला सोडून गेला. आणि गेला कुणाकडे, तर बायकोकडे. जिला आयुष्यभर कधी धड विचारलं नाही तिच्याकडे. मग मी अडवू कशी?"

खालून हाक आली. कात्री सापडत नव्हती, आणि ती कात्री ताईनंच कुठेतरी ठेवली होती असं भावोजींचं म्हणणं होतं. ताईनं डोळे पुसले, आले, म्हणून ओरडून सांगितलं, आणि जिना उतरून खाली गेली.